हॅबिटिका: घरातल्या सवयींसाठी पाच महिने वापरून पाहिलेले ॲप

जूनच्या मध्याला शाळा सुरू झाल्या आणि आमच्या घरात रोज सकाळी सव्वासहा ते सात या वेळात तीच ती वाक्ये पुन्हा ऐकू येऊ लागली: दप्तर भरलंस का, बाटली घेतलीस का, सही घ्यायची होती ती वही कुठे आहे. मुलगा तेरा वर्षांचा, आठवीत. मुलगी आठ वर्षांची, तिसरीत. सासूबाई आमच्याबरोबर राहतात आणि आम्ही दोघेही नोकरी करतो. संकेतस्थळांचे आराखडे आणि पडदे तयार करणे हाच माझा व्यवसाय असल्यामुळे, सांगून सांगून घसा बसल्यावर मी जे करणार होते तेच केले आणि ॲप शोधायला बसले.

पहिले ॲप खास मुलांसाठी आणि कुटुंबांसाठी बनवलेले होते. रंग छान, चित्रे गोजिरवाणी, बटणे लहान बोटांना पुरतील एवढी मोठी. सलग बारा दिवस झोपण्यापूर्वी दात घासल्याची खूण मुलीने स्वतः केली आणि तेराव्या दिवशी तिला ताप आला. दुसऱ्या दिवशी ॲप उघडले तेव्हा बाराच्या जागी शून्य होते आणि पडद्यावरचे अस्वल रडत बसले होते. त्याखाली घरातल्या दोन्ही मुलांची क्रमवारी, भाऊ पहिला आणि बहीण दुसरी. तिने अस्वलाकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले आणि विचारले, "आई, मी त्याला काय केलं?" त्याच दिवशी मी ते ॲप काढून टाकले. त्याचे नाव देत नाही, कारण ही खोड त्या एकाच ॲपची नाही. या जातीची बरीच ॲप्स अशीच वागतात. मात्र त्या अस्वलामुळे कुटुंबाच्या ॲपला विचारायचे दोन प्रश्न माझ्या डोक्यात पक्के झाले: झालेल्या कामाची खूण कोण करणार, आणि चुकलेल्या दिवसाचे काय होणार. बाकी सगळी सजावट आहे.

हे दोन प्रश्न घेऊन आम्ही हॅबिटिकाकडे आलो आणि जुलैपासून नोव्हेंबरपर्यंत पाच महिने ते घरात वापरले. हॅबिटिका २०१३ साली हॅबिटआरपीजी या नावाने, किकस्टार्टरवर लोकांकडून पैसे उभे करून पुढे आले आणि २०१५ मध्ये त्याला आजचे नाव मिळाले. ते ब्राउझरवर चालते आणि फोनसाठी त्याची वेगळी ॲप्सही आहेत. मुळात ते मुलांसाठी केलेले नाही. मोठ्या माणसाने स्वतःच स्वतःला कामाला लावावे म्हणून रोजच्या कामांना खेळाचा पोशाख चढवलेला आहे: तुमचे एक छोटे चौकोनी ठिपक्यांचे पात्र असते, कामे केली की त्याला अनुभव आणि सोन्याची नाणी मिळतात, त्याची लेव्हल वाढते, आणि कामे चुकली की त्याला मार बसतो. लहानपणी व्हिडिओ गेमच्या दुकानात तासाच्या हिशोबाने पैसे देऊन खेळलेल्या पिढीला हे चित्र ओळखीचे वाटेल. माझ्या नवऱ्याला वाटलेच.

पडद्यावर चार रकाने असतात. पहिला हॅबिट्सचा: दिवसातून कितीही वेळा करता येण्याजोग्या गोष्टी, ज्यांना अधिक आणि उणे अशी दोन बटणे लावता येतात. दुसरा डेलीजचा, म्हणजे ठरलेल्या वारी करायच्या कामांचा. तिसरा टू-डूचा, एकदाच करून संपणाऱ्या कामांचा. आणि चौथा रिवॉर्ड्सचा, जिथे नाणी खर्च होतात. नवे काम पिवळ्या रंगाने सुरू होते. नेमाने केले तर ते हिरवे आणि पुढे निळे होत जाते, टाळले तर नारिंगी आणि मग लाल होते. रंगाची ही योजना मला या ॲपमधली सर्वांत हुशार गोष्ट वाटली. आकडा न वाचताही आपले कुठे दुखते आहे हे रकान्यावर नजर टाकताच कळते, आणि लाल झालेले काम पूर्ण केले तर पिवळ्यापेक्षा जास्त मोबदला मिळतो. मागे पडलेल्याने पुन्हा हात घालावा म्हणून एवढी सोय करणारे ॲप विरळाच.

पहिल्या संध्याकाळी आम्ही तिघे, म्हणजे मुलगा, त्याचे बाबा आणि मी, बैठकीतल्या लॅपटॉपसमोर बसून आपापली कामे लिहायला लागलो. मुलाने पहिले काम लिहिले: "अभ्यास". मी काही बोलले नाही. तीन दिवसांनी तोच म्हणाला की हे काम झाले की नाही हे त्याचे त्यालाच कळत नाही, आणि मग ते मोडून "गणिताची पाच उदाहरणे सोडवून वही टेबलावर ठेवणे" असे झाले. "सकाळी लवकर उठणे" याचे "सहाच्या गजराला पाय जमिनीवर" झाले. "दप्तर भरणे" याच्या पोटात चार ओळींची यादी आली: वेळापत्रक पाहणे, वह्या, डबा-बाटलीची पिशवी, सहीचे कागद. डेलीच्या आत अशी यादी जोडता येते आणि तीतल्या अर्ध्या ओळी झाल्या असतील तर काम अपुरे राहूनही मार त्या प्रमाणात कमी बसतो. अर्धे काम म्हणजे शून्य काम नव्हे, हे मुलाला मी आठ वर्षे सांगत होते. ॲपने ते हिशोबात धरले, त्यामुळे त्याला ते पटले असावे.

आता चुकलेल्या दिवसाकडे येते, कारण हे परीक्षण मुख्यतः त्यासाठीच लिहिले आहे. हॅबिटिकात पात्राची हेल्थ पन्नास असते. डेली चुकली की त्यातून काही वजा होते, आणि शून्य झाली तर पात्र मरते: एक लेव्हल खाली, जवळची सगळी नाणी गेली आणि एखादे हत्यार किंवा चिलखतही गेले. ऐकायला हे रडणाऱ्या अस्वलापेक्षा कठोर वाटते आणि कागदावर ते तसे आहेही. परंतु या कठोरपणाभोवती बनवणाऱ्यांनी ज्या फटी ठेवल्या आहेत, त्या नीट पाहण्यासारख्या आहेत. पंचवीस नाण्यांचे औषध विकत घेतले की पंधरा हेल्थ परत येते. लेव्हल वाढली की हेल्थ पुन्हा पूर्ण भरते. दिवस मध्यरात्री संपतो, पण तो कितीला संपावा हे प्रत्येकाला आपापल्या खात्यात ठरवता येते. नवरा रात्री उशिरा परततो म्हणून त्याचा दिवस आम्ही पहाटे तीनला संपवला आणि त्याचे रात्री साडेबाराचे पाठीचे व्यायाम "आज"मध्येच धरले जाऊ लागले.

त्याहून मोलाची सोय सकाळी दिसते. दुसऱ्या दिवशी ॲप उघडले की लगेच मार बसत नाही; आधी एक चौकट येते आणि काल खूण न झालेल्या कामांची यादी दाखवून विचारते की यांतले काही काल केले होते का. केले असेल तर तिथेच खूण करायची आणि मगच नवा दिवस सुरू होतो. रचना करणाऱ्या माणसाच्या नजरेने पाहिले तर या एका चौकटीत फार मोठी समज आहे. काम विसरणे आणि खूण विसरणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि घरातली निम्मी भांडणे दुसरीला पहिली समजल्यामुळे होतात. रात्री साडेनऊला पेंगुळलेल्या मुलाने लॅपटॉप उघडून खूण केली नाही, याचा अर्थ त्याने दप्तर भरले नाही असा होत नाही. आमच्या घरी आता ती चौकट दात घासता घासता वाचली जाते आणि मुलगा मोठ्याने सांगतो, "काल तीन झाली होती, एक खरंच राहिली."

सप्टेंबरमध्ये गणपतीसाठी आम्ही सहा दिवस कोकणात गावी गेलो. बाहेर जाताना मार थांबवून ठेवण्याची सोय हॅबिटिकात आहे. पूर्वी तिला खेळातल्या सराईमध्ये विश्रांती घेण्याचे रूप होते, आता ते साधे बटण आहे. निघण्याच्या गडबडीत, मोदकाचे साचे आणि आरतीचे पुस्तक आठवणीने घेताना, ते बटण दाबायचे आम्ही तिघेही विसरलो. चूक सर्वस्वी आमची. गावच्या घरात रेंज नव्हती, त्यामुळे ॲप उघडण्याचाही प्रश्न नव्हता. परतीच्या प्रवासात घाटात मुलाला ते आठवले आणि त्याने हिशोब मांडला: पाच डेलीज, सहा दिवस, हेल्थ त्रेचाळीस, म्हणजे पात्र मेलेच. घरी आल्यावर पाय धुण्याआधी त्याने लॅपटॉप उघडला. हेल्थ चौतीस होती.

हे कसे झाले म्हणून मी त्या रात्री त्याचा कोड पाहिला. हॅबिटिकाचा संपूर्ण कोड गिटहब या कोड ठेवण्याच्या संकेतस्थळावर खुला आहे, त्यामुळे शंका आली की कोणालाही आत डोकावता येते. रात्रीचा हिशोब करणाऱ्या भागात स्पष्ट योजना आहे: माणूस दोन किंवा अधिक दिवस आलाच नाही, तर ते सगळे दिवस मिळून बहुतांशी एकच दिवस धरायचे. म्हणजे सहा दिवस गैरहजर राहिलेल्याला सहा दिवसांचा मार नाही. परत आलेल्या माणसाला दारातच झोडपले तर तो पुन्हा येणार नाही, हे ज्याला उमजले त्याने ती ओळ लिहिली असणार. माझ्या व्यवसायात अशी ओळ कोणाच्या नजरेत भरत नाही. विक्रीच्या सादरीकरणात तिचे चित्र काढता येत नाही. पण मुलांसाठी ॲप करू पाहणाऱ्या प्रत्येकाने कामाचा पहिला दिवस याच ओळीवर घालवावा असे मला वाटते.

सलग दिवसांच्या मोजणीबद्दल मात्र माझे मत तितके चांगले नाही. प्रत्येक डेलीवर सलग दिवसांचा आकडा दिसतो आणि एकवीस दिवस झाले की एक पदक मिळते. एकवीस दिवसांत सवय लागते ही समजूत सर्वत्र आहे. तिला तसा आधार नाही. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी शहाण्णव जणांवर केलेला, २०१० साली छापून आलेला अभ्यास या बाबतीत बराच उद्धृत केला जातो. त्यात रोजची एखादी कृती आपोआप घडू लागायला लागणारा काळ माणसागणिक अठरापासून दोनशे चौपन्न दिवसांपर्यंत निघाला, आणि मधला आकडा सहासष्टच्या आसपास होता. त्याहून घरच्यांना सांगावी अशी गोष्ट म्हणजे मधला एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यावर फारसा परिणाम दिसला नाही. हे खरे असेल, तर सलग दिवसांचा आकडा एका चुकीला शून्यावर आणणे म्हणजे गाडी बंद पडली नसताना किलोमीटरचा काटा मागे फिरवणे होय. सुदैवाने हॅबिटिकात हा आकडा कोपऱ्यात बारीक अक्षरात असतो आणि खरी गोष्ट रंग सांगतो. निळे काम एक दिवस चुकले तर ते थोडे फिकट होते, एकदम लाल होत नाही. म्हणून आमच्या घरी नियम केला: आकडा वाचायचा नाही, रंग वाचायचा.

आता उरलेला प्रश्न, खूण कोण करणार. हॅबिटिकात ज्याचे काम त्याची खूण. वर तपासणीस कोणी नाही. घरच्यांची पार्टी, म्हणजे खेळातला गट, करता येते, त्यात एकमेकांची पात्रे, हेल्थ आणि लेव्हल दिसतात, गप्पाही मारता येतात, परंतु दुसऱ्याच्या कामांची यादी दिसत नाही. सुरुवातीला, खरे सांगायचे तर, मला ते आवडले नाही. आई म्हणून मला ती यादी पाहायची होती. महिनाभराने लक्षात आले की तेरा वर्षांच्या मुलाने हे ॲप टिकवून धरले ते नेमके याच कारणामुळे. त्याच्या यादीत एक काम असे आहे जे त्याने आम्हाला सांगितलेले नाही; ते निळे झाले आहे एवढेच तो सांगतो. ज्यांना मुलांना कामे नेमून द्यायची आहेत त्यांच्यासाठी मार्ग आहे: पार्टीत चॅलेंज तयार करता येते, मुलाने ते स्वीकारले की त्यातली कामे त्याच्या यादीत उतरतात आणि तेवढ्यांची प्रगती चॅलेंज करणाऱ्याला पाहता येते. स्वीकारणे मात्र मुलाच्या हातात राहते. शाळेच्या सहामाही परीक्षेआधी आम्ही असे एक चॅलेंज केले. चारपैकी एक काम आम्ही काढून टाकल्यावरच त्याने ते स्वीकारले. ते काढलेले काम माझेच हट्टाचे होते, हे आता कबूल करायला हरकत नाही.

पार्टीने मिळून बॉसशी, म्हणजे खेळातल्या मोठ्या शत्रूशी, लढण्याचा एक प्रकार आहे आणि कुटुंबांनी त्यापासून सांभाळून राहावे. त्यात एकाने डेली चुकवली की बॉसचा मार सगळ्या पार्टीला बसतो. समवयस्क मित्रांत हा दबाव कदाचित उपयोगी पडत असेल. घरात मात्र "तुझ्यामुळे" हा शब्द आधीच पुरेसा वापरला जातो, त्याला खेळाची परवानगी देण्याचे कारण नाही. आम्ही तो मार्ग मुद्दाम घेतला नाही. वस्तू गोळा करण्याच्या मोहिमा असतात, त्यांत असा सामायिक मार नसतो, त्या आम्ही केल्या. उणे बटणाबद्दलही पहिल्याच दिवशी ठरवले की दुसऱ्याच्या वागण्यासाठी कोणी कोणाला उणे लावायला सांगायचे नाही. नवऱ्याने मात्र स्वतःच्या यादीत "जेवताना फोन" असे उणे काम लिहिले आणि पहिल्या आठवड्यात ते अकरा वेळा दाबले. मुलाने ते पात्र मरणपंथाला लागलेले पाहिले आणि आपल्या पैशांनी औषध देता येईल का असे विचारले. बापाच्या फोनवर मी दहा वर्षे जे बोलले त्याचा एवढा परिणाम झाला नव्हता.

रिवॉर्ड्सचा रकाना म्हणजे घरातला बाजार. ॲपच्या स्वतःच्या तलवारी आणि टोप्या तिथे असतातच, शिवाय आपल्याला हवे ते बक्षीस हवी ती किंमत लावून ठेवता येते. आमची दरपत्रिका अशी ठरली: कोपऱ्यावरचा वडापाव पंधरा नाणी, रविवारी अर्धा तास जास्त झोप वीस, रात्री उशिरापर्यंतचा क्रिकेट सामना चाळीस. गंमत अशी की पहिला महिना मुलाने वडापावकडे ढुंकूनही पाहिले नाही, सगळी नाणी एका चौकोनी ठिपक्यांच्या तलवारीवर घातली. दुसऱ्या महिन्यात तलवारी संपल्या आणि वडापावची आठवण झाली. लेव्हल वाढत गेली तशी नाणीही भराभर येऊ लागली, म्हणून मी वडापाव पंचवीसला नेला, त्यावर सासूबाई म्हणाल्या, "अगं, कोपऱ्यावरच्या भय्यानंसुद्धा एवढा भाव एकदम वाढवला नाही." भाव वाढवायचा तर महिन्याच्या एक तारखेला आणि आधी सांगून, असा ठराव मग एकमताने झाला.

मुलाला या बाजारातली एक खाचही सापडली. टू-डूमधले काम जितके दिवस पडून राहते तितके लाल होते आणि लाल कामाला जास्त मोबदला असतो. टू-डू राहिले म्हणून हेल्थ जात नाही. तेव्हा "सायकलच्या साखळीला तेल" हे काम त्याने तीन आठवडे मुरवत ठेवले, लोणच्यासारखे. साखळी करकरत होती आणि हा व्याज मोजत होता. मी रागवायला हवे होते, पण नियम इतक्या बारकाईने वाचणाऱ्या माणसावर मला पटकन रागावता येत नाही. तातडीची कामे आम्ही आता तारीख घालून डेलीत लिहितो.

बक्षिसांबद्दल एक काळजी मात्र मनात ठेवली पाहिजे. १९७३ साली लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी बालवाडीतल्या मुलांवर केलेला प्रयोग मानसशास्त्रात प्रसिद्ध आहे. ज्या मुलांना चित्र काढल्याबद्दल प्रमाणपत्र मिळेल असे आधी सांगितले होते, ती मुले पुढे मोकळ्या वेळात बाकीच्यांपेक्षा कमी चित्रे काढताना दिसली. ज्यांना ते अचानक मिळाले त्यांच्यात असे झाले नाही. म्हणून आमच्या घरी जे मूल आपणहून करते ते ॲपमध्ये येत नाही. मुलाचे गोष्टींच्या पुस्तकांचे वाचन, मुलीची चित्रे, तबला, यांना एकही नाणे नाही. नाणी फक्त दप्तर, डबा, गजर अशा नीरस कामांना. हॅबिटिका हा भेद तुमच्यासाठी करत नाही, करूही शकत नाही. तो यादी लिहिताना आपणच करायचा.

आठ वर्षांच्या मुलीला मात्र आम्ही हॅबिटिका दिलेच नाही. तेरा वर्षांखालील मुलांसाठी ही सेवा नाही. अमेरिकेच्या १९९८ च्या कायद्याने त्या वयाखालील मुलांची माहिती पालकांच्या संमतीशिवाय गोळा करण्यावर बंधन घातल्यापासून तिथल्या बहुतेक सेवांनी हीच रेघ धरली आहे. आपल्याकडच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने तर अठरा वर्षांखालील प्रत्येकाला बालक मानले आहे, पालकांची पडताळून पाहता येईल अशी संमती मागितली आहे आणि मुलांच्या वागण्याचा माग ठेवण्यावरही निर्बंध घातले आहेत. सवयींची नोंद म्हणजे वागण्याचा मागच; तेव्हा भारतात मुलांसाठी असे ॲप बनवू पाहणाऱ्यांनी चित्रकाराआधी वकील गाठावा. मुलीचे खाते माझ्या नावाने उघडण्याचा मोह झाला होता, पण मग खूण मी केली असती आणि पहिला प्रश्न पुन्हा उभा राहिला असता.

तिच्यासाठी फ्रिजवर कागद लावला. सात उभे रकाने, चार आडव्या ओळी, आणि खुणेसाठी सासूबाईंच्या टिकल्यांचे एक पाकीट. दात घासले की मरून रंगाची टिकली, डबा ओट्यावर ठेवला की हिरवी. टिकली तिने स्वतः लावायची. तापाच्या दिवशी रकाना कोराच राहतो आणि कोणी रडत नाही; एका कोऱ्या चौकोनात तिने थर्मामीटर काढला आहे. शनिवारी रात्री कागद बदलताना हॅबिटिकातल्या रंगांसारखा अंदाज येतो, फक्त इथे रंग टिकल्यांचे असतात आणि त्यांतल्या दोन-चार सोमवारपर्यंत तिच्या कपाळावर गेलेल्या असतात.

बाकी व्यवहाराच्या गोष्टी थोडक्यात. पहिल्या दिवशी पडदा गच्च भरलेला वाटतो: अंडी, ती उबवण्याची रसायने, पाळीव प्राणी, दहाव्या लेव्हलनंतर योद्धा, जादूगार, वैद्य आणि चोर यांतली निवड. यांतले काहीही न समजून घेता पहिले दोन महिने चालते, आणि मुलांना ते आपोआप समजते. कामांची नावे देवनागरीत लिहिता येतात. आमची सगळी मराठीतच आहेत. अनोळखी लोकांच्या सार्वजनिक गप्पांची ठिकाणे २०२३ च्या ऑगस्टमध्ये बंद झाली, पालकांच्या दृष्टीने हे बरेच झाले. तरी खासगी निरोप येऊ शकतात, ते बंद करून ठेवावेत. फुकट खात्यात कामाचे सगळे काही आहे. वर्गणी घेतली की सजावट वाढते. शिवाय गटासाठी वेगळी सशुल्क योजना आहे, तीत सामायिक कामांची फळी मिळते आणि सभासदांप्रमाणे दरमहा डॉलरमध्ये पैसे द्यावे लागतात. भांडी कोण लावणार हे ठरवण्यासाठी परदेशी चलन खर्च करावे असे आम्हाला वाटले नाही. मुलाच्या खात्यात कार्ड जोडू नये, हे सांगायला नको. आणि शक्य असेल तर फोनवरचे ॲप न घेता ब्राउझरच वापरावा: आमच्याकडे बैठकीतला लॅपटॉप रात्री नऊला दहा मिनिटे उघडतो, तिघांच्या खुणा होतात आणि तो मिटतो. फोन हातात दिला असता तर खुणेला दहा सेकंद आणि बाकीच्याला पाऊण तास गेला असता.

दिवाळीच्या सुट्टीनंतर मुलाने आपल्या यादीतून "दप्तर भरणे" हे काम काढून टाकले. चांगले गडद निळे झाले होते ते. मी विचारले, तर म्हणाला, "ते आता होतंच की. उगाच नाणी कशाला घेऊ?" हॅबिटिकात काम काढून टाकण्यासाठी बक्षीस नाही, पुसण्याचे बटण दाबले की ॲप फक्त खात्री करून घेते आणि ओळ नाहीशी होते. मी तो पडदा आखला असता तर तिथे काहीतरी ठेवले असते, निदान एखादी लहानशी ओवाळणी. सध्या त्याच्या यादीत तीन डेलीज आहेत, त्यांतला गजर अजून नारिंगीच आहे.